आणि त्यांची कॅप्टन

४ फेब्रुवारी

चि. ढब्बूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. “आता मी स्मारक समितीचा चिटणीस आहे, पाकिटावर ‘ढब्बू’ लिहू नकोस, पोस्टमन हसतो,” असं तू बजावलंस म्हणून या खेपेला वर तुझं पूर्ण नाव घातलं आहे. आत मात्र तू ढब्बूच. औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे बसून माणूस बारीक झाल्याचं मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

माझं बरं चाललंय. हॉटेलचा टेलिफोन बोर्ड आता तळघरात नेला आहे. खिडकी नाही, पण शेजारी बॉयलरची खोली असल्यामुळे थंडी वाजत नाही. परवा चौथ्या मजल्यावरचा एक व्यापारी उशी टणक आहे म्हणून माझ्यावर ओरडला. एके काळी माझ्या शब्दावर पलटणी हलायच्या, आता उशा हलतात. पदरी पडलं पवित्र झालं. मी कानाला टेलिफोनचं यंत्र लावून ताठ बसते म्हणून मॅनेजर मला बाईसाहेब म्हणतो. ताठ बसायला कुठे शिकले ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता कामाचं. चौकात लढाईत गेलेल्यांच्या नावांचा दगड उभा राहणार, हे वाचून फार बरं वाटलं. कोणाकोणाची नावं येणार तेही तू लिहिलंस. त्यात माझ्या तिघी नाहीत. एक नंबर, दोन नंबर आणि तीन नंबर. बोर्डावर आम्ही एकमेकींना नंबरानेच हाक मारायचो, पण त्यांची खरी नावं तुला ठाऊक आहेत, मी तेव्हाच लिहिली होती. तिघी तुमच्याच गावातल्या, एका शाळेत शिकलेल्या, एकाच दिवशी भरती झालेल्या. त्या माझ्या हाताखाली, बोर्डावर बसलेल्या असताना गेल्या. त्यांची नावं दगडावर आली पाहिजेत. मला या जगाकडून दुसरं काही नको आहे.

आमच्या तुकडीतली पद्धत तुला आठवत असेल. हुकूम ऐकणाऱ्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत परत सांगायचा. परत सांगितल्याशिवाय हुकूम पोचला असं धरायचं नाही. सुट्टीवर आले की साबण आणायला सांगतानाही मी तुझ्याकडून परत सांगून घ्यायची आणि तू चिडायचास. आताही चीड, पण मी काय मागितलंय ते तुझ्या शब्दांत परत लिही.

तुझ्या बायकोला आशीर्वाद, चिमीला गोड पापा. ती आता पापा घेण्याएवढी लहान राहिली नसली तरी माझा तो हक्क आहे. आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत वाचलं. तळघरातल्या हवेने तुझा जुना खोकला उलटेल, म्हणून सोबत गोळ्या पाठवतो आहे. कोमट पाण्याबरोबर घे. तुला हुकूम देता येतात, पण औषध वेळेवर घेता येत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे.

इकडे आनंदाची बातमी. चिमीचं लग्न ठरल्यात जमा आहे. मुलगा पाणीखात्यात नकाशे काढतो, शांत आहे, निर्व्यसनी आहे आणि मुख्य म्हणजे चिमीला आवडला आहे. ती हल्ली आरशासमोरून हलत नाही, तिची आई ओरडते आणि मग स्वतःच आरशासमोर उभी राहते. मुलाची आई शिवणकाम करते. आमच्या दुकानासमोरच तिचं दुकान. सगळा गाव तिला शिंपीणबाई म्हणतो. बाई कष्टाळू, पण जिभेला धार फार.

ताई, आता जरा शांतपणे वाच. शिंपीणबाई म्हणजे तुझ्या तीन नंबरची आई. जावई होणार तो तीन नंबरचा धाकटा भाऊ. मुलगी गेल्यापासून बाई एकाच माणसाच्या नावाने बोटं मोडते आहे. ज्या अधिकारी बाईने पोरींना तिथे बसवून ठेवलं आणि स्वतः निघून गेली, तिचं वाटोळं होवो, असं ती माझ्या दुकानात उभी राहून बोलली आहे. ती बाई कोण, हे तिला ठाऊक नाही. पोरींना घरी लिहिताना अधिकाऱ्यांची नावं लिहायची बंदी होती, हे आपलं नशीब. आपलं बिऱ्हाड या गावात आलं तेव्हा तू आधीच सैन्यात होतीस. आईने पहिल्या दिवसापासून शेजारीपाजारी सांगितलं की थोरली दवाखान्यात नर्स आहे. तेव्हा गणवेशातल्या बायकांबद्दल लोक काय काय बोलत, ते मी तुला सांगायला नको. आई गेली, पण गावाच्या लेखी तू अजून नर्सच आहेस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुझ्या मुलींचं मी समितीत बोललो, खोटं सांगत नाही. अध्यक्ष म्हणजे आमचे म्हातारे कर्नल. त्यांचं म्हणणं, दगड सैनिकांचा आहे, आणि टेलिफोनच्या मुली कागदोपत्री मदतनीस होत्या. त्यांचं ठाणं लष्करी होतं असं छातीठोकपणे सांगणारा कोणी असता तर गोष्ट वेगळी. यंदा राहू दे. लग्न एकदा पार पडू दे, मग पुढे बघू.

चिमीची आई नमस्कार सांगते. रागावलीस तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. ढब्बूस आशीर्वाद.

गोळ्या मिळाल्या. कडू आहेत, पण तुझ्या पत्राएवढ्या नाहीत.

मी परत लिही म्हटलं होतं. तू खोकला लिहिलास, आरसा लिहिलास, जावई लिहिलास. मी मागितलेलं सोडून सगळं लिहिलंस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? नावं यावीत की न यावीत, असं सरळ विचारते.

चिमीला मुलगा आवडला याचा मला मनापासून आनंद आहे. तीन नंबरचा भाऊ म्हणजे चांगलाच असणार. ती त्याच्याबद्दल सारखी बोलायची. तो झोपेत पाढे म्हणतो, असं सांगून आम्हाला हसवायची. अजून म्हणतो का, चिमीला पुढे कळेलच.

आता त्या दिवसाचं एकदा नीट वाच, कारण तू शिंपीणबाईंचं ऐकून लिहितो आहेस. मागच्या बाजूला दवाखाना हलवायचं काम चालू होतं. जखमींच्या गाड्या कधी सोडायच्या, कुठून वळवायच्या, ते आमच्या एकाच लाइनवरून ठरत होतं. मला वरून हुकूम आला की नदीपलीकडच्या ठाण्यावर जाऊन दुसरा बोर्ड सुरू कर. मी तिघींना सांगितलं, मी पलीकडून बोलेपर्यंत लाइन सोडायची नाही. तिघींनी परत सांगितलं. तीन नंबरने तर नाकात बोलून माझी नक्कल करत सांगितलं. मी पलीकडे पोचले, बोर्ड सुरू केला, शेवटची गाडी सुटल्याची खात्री केली आणि हुकूम दिला की बोर्ड सोडा, ताबडतोब निघा. तीन नंबर परत सांगायला लागली. बोर्ड सोडा, एवढं तिने म्हटलं आणि लाइन गेली.

उरलेला हुकूम परत आलाच नाही. मी अजून हॉटेलच्या तळघरात यंत्र कानाला लावते तेव्हा पहिला क्षण त्याचीच वाट बघते. वेड म्हण हवं तर.

मदतनीस म्हणे. त्यांनी माझ्यासमोर शपथ घेतली होती. गणवेश घातला होता. जो दवाखाना त्या दिवशी सुखरूप निघाला तो त्यांच्यामुळे निघाला, आणि गंमत बघ, तुम्ही गावाला सांगता की मी दवाखान्यात होते. छातीठोकपणे सांगणारं कोणी नाही असं तुझे कर्नल म्हणतात ना? मी आहे. त्या ठाण्याची कॅप्टन मी होते. समितीपुढे येऊन सांगते. माझा लष्करी कोट मी जपून ठेवला आहे, कसर लागू दिलेली नाही, तो घालून येते. शिंपीणबाईंना जे बोलायचं ते त्यांनी माझ्या तोंडावर बोलावं. मी उभी राहून ऐकेन. तो त्यांचा हक्क आहे आणि ते ऐकणं माझं काम आहे. इतकी वर्षं ते काम तुम्ही मला करू दिलं नाहीत.

कधी येऊ, तेवढं लिही. आणि या वेळी परत सांग. जीव लावतोस तसाच लाव, पण उत्तर दे.

तुझी,
ताई


७ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुला पत्र लिहिलं का? मी विचारलं तर लिहितो लिहितो म्हणतात आणि बाटल्या पुसायला घेतात. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. लग्नाची तारीख नक्की झाली, पुढच्या महिन्याच्या शेवटी. त्याच्या आदल्या दिवशी दगडाचं उद्घाटन. तू दोन्हीला यायचंसच. आली नाहीस तर तुझ्या हॉटेलात येऊन सगळ्या खोल्यांच्या उशा मऊ करून मागेन.

आत्या, बाबांचा मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! त्यांनी समितीत टेलिफोनच्या तीन मुलींसाठी भांडण केलं. तुला माहीत नसेल, त्यातली एक माझी होणारी नणंद होती. कर्नलआजोबा ऐकायलाच तयार नव्हते. आपले बाबा, जे गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे नाहीत म्हणून सांगतानाही चाचरतात, ते चक्क उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की ते ठाणं लष्करीच होतं, तिथे एक कॅप्टन बाई होती आणि तीही त्या मुलींबरोबर तिथेच गेली. ती पलीकडे गेली होती हे खरं, पण मुलींना न्यायला परत आली आणि त्यांच्यासोबतच मेली. त्यांना हे तिथल्या एका जखमी शिपायाने सांगितलं म्हणे, तो औषधासाठी दुकानात आला होता. कर्नलआजोबांनी चष्मा काढला आणि म्हणाले की जिथे कॅप्टन पडते ते ठाणं लष्करीच.

तिघींची नावं येणार! आणि त्यांच्याखाली एक ओळ, ‘आणि त्यांची कॅप्टन’. तिचं नाव कोणाला माहीत नाही, कागद लढाईत जळले असं बाबांनी सांगितलं. दगडवाल्याने कोरायला घेतलंसुद्धा.

सासूबाई (आत्तापासूनच म्हणते) बाबांचे हात धरून रडल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं मी त्या बाईला शिव्या घातल्या आणि ती माझ्या पोरीसाठी उलटी फिरली होती. त्या दिवसापासून त्या बदलल्याच आहेत. दुकानात शिवता शिवता गुणगुणतात. हे म्हणतात की लहानपणानंतर त्यांनी आईला गुणगुणताना ऐकलंच नव्हतं.

तू तेव्हा दवाखान्यात होतीस ना? त्या कॅप्टनला कधी पाहिलं होतंस का? सासूबाई तुला हेच विचारणार आहेत, तयारीत ये. वाट बघते आहे, उशीर करू नकोस.

तुझी लाडकी,
चिमी


१२ मार्च

ढब्बू,

चिमीचं पत्र आलं. मी मेले, असं तू सांगितलंस का? फक्त एवढंच लिही.

ताई


१८ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हो, सांगितलं.

आधी वाचून घे, मग काय म्हणायचं ते म्हण. तुझं पत्र आलं तेव्हा माझी झोप उडाली. तू कोट घालून आली असतीस, नावं कोरली गेली असती आणि चिमीचं लग्न मोडलं असतं. शिंपीणबाईने त्या घरात चिमीला पाऊल टाकू दिलं नसतं. तू आली नसतीस तर लग्न झालं असतं आणि नावं राहिली असती, आणि तू मला जन्मभर क्षमा केली नसतीस. इकडे आड तिकडे विहीर. सभेत कर्नल त्या मुलींबद्दल तुच्छतेने बोलले, माझ्या अंगाची आग झाली, मी उभा राहिलो आणि तोंडातून ते निघून गेलं. आधी ठरवलं नव्हतं. पण निघून गेल्यावर बघतो तो सगळंच सुटलेलं. सुंठीवाचून खोकला गेला, ताई.

तू पुन्हा पुन्हा म्हणालीस ना, परत लिही म्हणून? घे. तुझं मागणं होतं, तिघींची नावं दगडावर यावीत. दुसरं काही नको, असंही तूच लिहिलं होतंस. ती आली. दगड मी डोळ्यांनी पाहून आलो, अक्षरं खोल आणि स्वच्छ आहेत. मग माझं चुकलं कुठे?

शिंपीणबाई आता त्या कॅप्टनसाठी फूल आणते. जी रोज शाप द्यायची ती. हे तुला काढून घ्यायचं असेल तर ये आणि काढून घे. मी अडवणार नाही, माझ्यात तेवढी ताकद नाही. पण चिमीकडे बघ. तुला स्वतःचं मूल नाही, तिलाच तू मूल मानलंस.

लग्नाला ये. साधी साडी नेस. कोट आणू नकोस. कोणी विचारलं तर तू दवाखान्यात होतीस आणि त्या कॅप्टनला ओळखत नव्हतीस. हात जोडतो. एवढं ऐकलंस तर पुन्हा कधी काही मागणार नाही.

तुझा,
ढब्बू


२ मे

चि. ढब्बूस आशीर्वाद.

काल सुखरूप पोचले. निघताना तुझ्याशी नीट बोलले नाही, कारण बोलले असते तर स्टेशनवर तमाशा झाला असता आणि तुझ्या जावयाने बिचाऱ्याने सामान हातात धरलं होतं. मुलगा खरंच गुणी आहे. चिमी छान दिसली. तुझ्या बायकोला सांग, सगळं व्यवस्थित झालं, कोणाला काही कमी पडलं नाही.

साडी नेसले होते, ते तू पाहिलंसच. उद्घाटनाच्या वेळी तू मला मागच्या रांगेत नर्सबाईंमध्ये बसवलंस. त्या चांगल्या होत्या. एकीने मला विचारलं की मी कोणत्या वॉर्डात होते, तर मी म्हटलं, विसरले.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही, ती सांगते. लग्नाच्या दिवशी सकाळी तुम्ही सगळे धावपळीत असताना शिंपीणबाई मला चौकात घेऊन गेली. माझा हात धरून नेलं. बाईचा हात खरखरीत आहे, अंगठ्याला सुईचे घट्टे. दगडापाशी तिने लेकीच्या नावावरून बोट फिरवलं आणि मग खालच्या ओळीवरून फिरवलं. म्हणाली, माझी पोर भित्री होती, अंधाराला घाबरायची, शेवटी एकटी असेल या विचाराने मी आजवर जळत होते. आता कळलं की मोठं माणूस जवळ होतं. त्या बाईने तिला पोटाशी धरलं असेल. मग तिने मला विचारलं की दवाखान्यात असताना त्या कॅप्टनला मी कधी बघितलं होतं का, ती दिसायला कशी होती.

ढब्बू, मला त्या कॅप्टनचा हेवा वाटला. तू रचलेल्या त्या बाईचा. ती नदी ओलांडून परत आली. मी नाही आले. येऊ शकत नव्हते, पलीकडचा बोर्ड माझ्या हातात होता, शेकडो माणसं त्या लाइनवर होती, आणि पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. हे मला त्या आईच्या डोळ्यांत बघून सांगायचं होतं. ती माझ्या थोबाडीत मारती, मी मारून घेतली असती, आणि नंतर कदाचित आम्ही दोघी त्या पोरीबद्दल खरं खरं बोललो असतो. ती नक्कल कशी करायची, भावाच्या पाढ्यांवर कशी हसायची, हे सगळं माझ्याजवळ आहे आणि ते ऐकायचा हक्क फक्त त्या बाईला आहे. ते मी तिला आता कधीच देऊ शकणार नाही, कारण नर्सला ते कुठून माहीत असणार?

मी म्हटलं, नाही, मी तिला कधी पाहिलं नाही.

तिने पिशवीतून दोन फुलं काढली. एक लेकीच्या नावाखाली ठेवलं. दुसरं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तुम्ही ठेवा, तुम्हीही लढाईत सेवा केलीत. मी वाकून ते त्या खालच्या ओळीपाशी ठेवलं. कोरीव काम चांगलं आहे, तू म्हणालास ते खरं.

तू विचारलंस, माझं चुकलं कुठे. नावं यावीत एवढंच मी मागितलं होतं, ते तू पुरं केलंस, त्याबद्दल बोलायला मला जागा ठेवली नाहीस. समितीला जिवंत साक्षीदार हजर होता, तुला मेलेला सोयीचा पडला. तुला शाप द्यावा तर तू माझा धाकटा भाऊ आहेस, आणि त्या बाईच्या घरात आता गाणं ऐकू येतं. आईने मला नर्स केलं, तू मला गाडलंस, आणि दोघांनीही ते मायेपोटीच केलं. मी फार रागावले आहे. हा राग कुठे ठेवू तेच कळत नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवते आहे.

कोट हॉटेलच्या धोबिणीला दिला. कापड चांगलं आहे, ती त्याची मुलीसाठी बंडी करणार आहे. बटणं काढून घेऊ का म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, घे, मला नकोत.

तुझा हुकूम पोचला. आमच्या पद्धतीप्रमाणे परत सांगते, नीट वाच. मी लढाईत नर्स होते. मी दवाखान्यात होते. त्या तिघींना मी ओळखत नव्हते. त्यांच्या कॅप्टनला मी कधी पाहिलं नाही. ती त्यांच्याजवळ होती, आणि त्यांच्याबरोबरच मेली.

पूर्ण परत सांगून झालं. आता लाइन सोडते.

दवाखान्यातली,
ताई